माहेर कोल्हापूर, सासर गोंदिया

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईनं मला एकच प्रश्न विचारला, "गोंदिया म्हणजे मध्य प्रदेशात ना गं?" मी ठसक्यात सांगायची, "नाही हो काकू, आपल्या महाराष्ट्रातच." पण खरं सांगते मैत्रिणींनो, बी.ए. झालेली असूनही पहिल्या दिवशी घरात येऊन मी गुपचूप नकाशा उघडला होता. कोल्हापूरवर एक बोट ठेवलं नि दुसरं बोट गोंदियावर. दोन्ही बोटांच्या मधे सगळा महाराष्ट्र पसरलेला! आईनं डोळ्यांना पदर लावला. वडील मात्र म्हणाले, "रडता काय? एकाच गाडीत बसायचं नि एकाच गाडीतून उतरायचं. गाडी बदलायचीसुद्धा नाही."

ती गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूरहून दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदिया. तेराशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, आणि तोही राज्याची हद्द कुठेही न ओलांडता. गेल्या बारा वर्षांत मी तिच्यात इतक्या रात्री काढल्या आहेत, की कराडच्या स्टेशनात नि भुसावळच्या स्टेशनात चहा कुठल्या बाजूला मिळतो ते डोळे मिटून सांगेन.

तुम्ही कधी या गाडीनं गेला नसाल तर एकदा जाच. मिरज-सांगलीपासून कराड-साताऱ्यापर्यंत खिडकीत ऊस असतो. पुण्याला रात्रीची जेवणं होतात, पोरं झोपतात. नगर (आता अहिल्यानगर म्हणायचं) झोपेतच जातं. पहाटे मनमाडला गलका होतो आणि जाग येते ती खानदेशात. जळगाव-भुसावळकडे केळीच्या बागा. पुढे अकोला-बडनेऱ्याला काळीभोर वऱ्हाडी जमीन, कापूस, तूर. वर्धा जातं, नागपूरला संत्र्यांच्या करंड्या चढतात आणि डबा निम्मा रिकामा होतो. आपल्या माणसांना वाटतं, संपला महाराष्ट्र. पण गाडी अजून सव्वाशे-दीडशे किलोमीटर जायची असते. नागपूर सोडल्यावर तासाभरात बाहेरचं सगळंच बदलतं. मोठी शेतं जाऊन लहान लहान चौकोन सुरू होतात, प्रत्येकाला मातीचा बांध. मधूनच तळं चमकतं. पलीकडे जंगलाची गडद रेघ. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, आणि मग आमचं गोंदिया.

एक गंमत सांगू? गाडीचं नाव 'महाराष्ट्र', पण मराठवाडा तिला लागत नाही, कोकण लागत नाही आणि मुंबईही नाही. म्हणजे दीड दिवस बसूनही सगळा महाराष्ट्र पाहिला असं म्हणता येत नाही.

मी सासरी आले ती ऐन जुलैत. सासूबाईंची गोरेगाव तालुक्यात तीन एकर जमीन. दुसऱ्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "चल, रोवणी पाहून घे." माझ्या आजोळी, आजऱ्याकडे, भात होतं. घनसाळच्या वासावर मी वाढले. त्यामुळे मला वाटलं, यात नवीन काय पाहायचं? पण तिथे भात म्हणतात, इथे 'धान'. तिथे तरवा लावतात, इथे 'पऱ्हे' रोवतात. तिथे खाचर, इथे 'बांधी'. गुडघाभर चिखलात वीस-पंचवीस बायका एका ओळीत वाकलेल्या, मागे मागे सरकत रोवताहेत, वरून पाऊस, आणि बोलणं-हसणं क्षणभर थांबत नाही. मी हौसेनं उतरले. अर्ध्या तासात कंबर धरून बांधावर बसले. एकीनं विचारलं, "काय करून राहिली व बाई, थकली का?" मी म्हणाले, "जरा बसतो नि मग येतो." झालं! सगळ्या बांधीत हशा पिकला. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे त्यांना कुठलं ठाऊक? पुढे कितीतरी दिवस मला पाहिलं की बायका म्हणायच्या, "तो आला!"

मी मात्र मनातल्या मनात त्यांच्या भाषेला हसत होते. हे मी आज कबूल करते, कारण त्याची शिक्षा मला पुढे मिळाली. मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. एकदा आठवीच्या वर्गाला 'आमची शेती' असा निबंध घातला. एका मुलीनं 'आईबरोबर पऱ्हे काढायला गेले' असं लिहिलं होतं. मी 'पऱ्हे'खाली लाल रेघ ओढून वर 'रोपे' लिहिलं. मुलगी काही बोलली नाही. वही घेऊन जागेवर जाऊन बसली. रात्री भाकऱ्या थापताना मनात आलं, हिनं 'तरवा' लिहिलं असतं तर मी रेघ ओढली असती का? नसती ओढली. तरवा माझ्या आजीचा शब्द. म्हणजे माझ्या आजीचा शब्द तो मराठी आणि तिच्या आजीचा तो अशुद्ध, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, आणि मुलांनी मला त्या तासाला आणखी पंधरा-वीस शब्द शिकवले. निम्मे झाडीबोलीतले, काही पोवारी, दोन गोंडी. एकाच वर्गात घरी पाच तऱ्हांनी बोलणारी मुलं आहेत, आणि बाजारात गेलं की सगळी हिंदी बोलतात!

बाजारातल्या हिंदीचं मला सुरुवातीला फार वाईट वाटायचं. मग कळलं, हे गाव मुळात रेल्वेचं. हावड्याकडे जाणारा लोहमार्ग इथून जातो. बालाघाट, जबलपूरकडची गाडी इथूनच सुटते. एके काळी ती अरुंद रुळांवरची छोटी गाडी होती, आता रुंद झाली. चंद्रपूर-बल्लारशाकडे फाटाही इथूनच. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. आमच्या स्टेशनाच्या रेल्वे झोनचं मुख्यालय मुंबईला नाही, छत्तीसगडात बिलासपूरला आहे. मारवाडी, गुजराथी, सिंधी व्यापारी धान, तेंदूपानं, विडी यांच्या धंद्यासाठी इथे आले आणि इथलेच झाले. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. महाराष्ट्र झाला १९६० साली, आणि गोंदिया जिल्हा म्हणून वेगळा झाला तो तर १ मे १९९९ ला, भंडाऱ्यातून. तेव्हा गल्लीतल्या काकूंचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता म्हणा.

पण गोंदिया शहर पाहून परत जाल तर काहीच पाहिलं नाही असं होईल. शहरात राईस मिलची धुराडी, धानाचे ट्रक आणि उसना तांदूळ शिजल्याचा उग्र दमट वास. पाहुण्यांना तो सोसत नाही, मला आता त्याशिवाय करमत नाही. खरी मजा दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन आम्ही नवेगावबांधला गेलो. डोंगरांच्या कुशीत केवढं तरी पाणी! हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. कोहळी समाजाची तलाव बांधण्यात हातोटी होती. दोन-तीनशे वर्षांपूर्वी या लोकांनी भंडारा-गोंदिया भागात असंख्य तलाव आणि बोड्या खोदल्या. त्या काळी तलाव मालगुजारांच्या ताब्यात असत, म्हणून १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर ते झाले 'माजी मालगुजारी', आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. मामाच्या नावाचं पाणी, मला फार आवडतं हे नाव. पुष्कळ तलावांत आता गाळ साचला आहे, ही मात्र खरी रड आहे. पूर्वी गाळ काढणं, पाट राखणं हे गावच करी. तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा हात सुटला.

मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, वनखात्याच्या नोकरीत इथे राहिले आणि त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. २०२५ साली ते गेले. सोलापूरच्या कोरड्या मुलखातून आलेल्या माणसाला या पाण्याची नि पाखरांची भाषा कळली, हे वाचून मला तेव्हा धीर आला होता. आता नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. वाघ आम्हाला दिसला नाही. पण परतीच्या वाटेवर एका धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली! माणसाच्या खांद्याएवढा उंच, करडा, लाल मानेचा पक्षी. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे आमच्याच जिल्ह्यात उरला आहे, आणि तोही मोजकाच. धानाच्या शेतातच तो घरटं करतो. थोडी रोपं मोडतात, शेतकरी चालवून घेतो. मुलं इतकी गप्प मी वर्षभरात पाहिली नव्हती.

त्याच तालुक्यात गोठणगावला, इटियाडोह धरणाजवळ, तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९७२ पासूनची. नॉर्ग्येलिंग तिचं नाव. प्रार्थनेच्या पताका फडफडताहेत, मठात लहान भिक्षू, आणि शेजारी धान! थंडीत स्वेटर विकायला बसणाऱ्या ज्या तिबेटी बायकांशी आपण घासाघीस करतो ना, तशांपैकी एक आजी आमच्या मुलींशी झकास मराठी-हिंदी बोलल्या. जवळच पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची अरुणनगर, गौरनगर ही गावं. तिथे मासळी आणि दुर्गापूजा. प्रतापगडला महाशिवरात्रीची जत्रा आणि दर्गा एकाच डोंगरावर. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांत माघ पौर्णिमेला चार-पाच राज्यांतले गोंड बांधव जमतात. हे सगळं एका जिल्ह्यात, ज्याचं नाव ऐकून माझ्या आत्याला वाटलं होतं की तिथे नुसतं जंगल असेल.

आता पैशाचं सांगते, कारण संसार आपल्याला चालवायचा असतो. माझ्या भावाचीही शिरोळ तालुक्यात तीन एकर जमीन. एकदा मी दोन्ही घरचा हिशेब एकाच वहीत मांडला. सासूबाईंना चांगल्या साली एकरी अठरा क्विंटल धान होतं, म्हणजे चोपन्न क्विंटल. २०२५-२६ ची साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये. सव्वा लाखाच्या थोडं वर. त्यातून रोवणीची, कापणीची मजुरी, खत, ट्रॅक्टर. घरी खायला ठेवायचं ते वेगळं. भावाला एकरी चाळीस टन ऊस, टनाला तीन हजारांच्या पुढे. साडेतीन लाखांच्या घरात. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात असतो आणि धान चार-पाच महिन्यांत निघतं, हे धरलं तरी फरक मोठाच. पण मला रकमेपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. भाऊ कारखान्याचा सभासद आहे. वार्षिक सभेत उठून तावातावानं बोलतो, मत देतो. सासूबाई धान घेऊन खरेदी केंद्रावर जातात आणि नंबर लागायची वाट पाहतात. बारदाना आला का, बोनस मिळणार का, पैसे खात्यात कधी जमा होणार, यावर आमच्याकडे डिसेंबर-जानेवारी जातो. त्यांच्या धानाचा तांदूळ ज्या गिरणीत होतो, तिच्यात त्यांचा एक पैशाचा वाटा नाही. आमचे हेही अशाच एका गिरणीत हिशेब लिहितात, म्हणून मला आतलं थोडं कळतं. कोल्हापूरला नदीचं पाणी, शाहू महाराजांचं राधानगरीचं धरण आणि सहकार यांनी हात दिला. इथे पाऊस तिकडच्या कोरड्या तालुक्यांच्या दुपटीहून जास्त पडतो, पण पाणी माणसाला उभं करील अशी व्यवस्था त्याभोवती झाली नाही.

मागासलेपणा मोजायला १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली, १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं, ती वीज राज्यभर जाते. रोवणी आटोपली की गावातली तरुण मुलं मात्र कामाला नागपूर, हैदराबाद गाठतात.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं असं समजू नका. मी मनातून सासरला 'मागास' आणि माहेरला 'पुढारलेलं' असंच धरून चालले होते. ते धरणं सुटलं ते माझ्या धाकटीच्या वेळी.

थोरली मुलगी चार वर्षांची होती. दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर मी विश्रांतीला माहेरी गेले. तिसऱ्या महिन्यात नात्यातल्या एका बाई भेटायला आल्या. आई चहा टाकायला आत गेली तशा जवळ सरकून म्हणाल्या, "एक आहेच. या खेपेला तपासून घे. ओळखीचे आहेत. जावईबापूंना कळायचंही नाही." अंगात रेशमी साडी, हातात पाटल्या, मुलगा इंजिनियर. किती सहज म्हणाल्या! जणू भाजीत मीठ बघून घे. मी हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हणू शकले नाही, हे मला आजही टोचतं. दोन दिवस मी तो विचार घोळवला. नुसता घोळवला, पण घोळवला खरा. मग रात्री सासूबाईंना फोन केला. सरळ विचारायचं धाडस नव्हतं. म्हटलं, "दुसरीही मुलगीच झाली तर?" पलीकडून क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "मुलगा झाला तर मला बरंच वाटंल, खोटं कायला बोलू? पन पोरगी झाली तर रोवनीला एक हात वाढंल. तू जेवली का?"

मी जेवले नव्हते. जेवायला बसले.

धाकटी झाल्यानंतर कितीतरी दिवसांनी, शाळेच्या एका कामासाठी मी २०११ च्या जनगणनेचे आकडे उतरवून घेत होते. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली: कोल्हापूर ८६३, गोंदिया ९५६. मी पुन्हा पाहिलं. आकडा तोच. कोल्हापूरचा २००१ मध्ये तर ८३९ होता, म्हणजे दहा वर्षांत सुधारलाच म्हणायचा, आणि तिथे अनेकांनी त्यासाठी खटपटही केली. सगळ्या वयांचं प्रमाण पाहिलं तर गोंदियात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया, राज्यात ९२९. साक्षरतेतही गोंदिया ८५ टक्क्यांच्या जवळ, राज्याच्या पुढे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्रच, १९८८ साली. आणि त्याच राज्यात, जिथे ऊस, दूध, कारखाने, शाळा सगळं आहे त्या माझ्या माहेरात, शंभरातल्या कितीतरी पोरी जन्माला येण्याआधीच गळल्या. तपासणीलाही पैसा लागतो, ओळख लागते. ती दोन्ही आमच्याकडे होती.

म्हणून सासर सोन्याचं आहे असं मी म्हणणार नाही. इथेही मुलगा हवाच असतो. दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईचा हात घराला लागतो, म्हणून तिची किंमत आहे. पण सातबारावर नाव बहुतेक पुरुषाचंच. रोवणीच्या दिवसांत माझ्या वर्गातल्या चार-पाच मुली हमखास गैरहजर असतात, आणि पोरगी म्हणजे 'एक हात' याचा दुसरा अर्थ मला त्या रिकाम्या बाकांवर दिसतो. सासूबाईंशी या गोष्टीवरून माझं भांडणही झालं आहे. आमच्या दोघी रोवणीला जातील, पण रविवारी, असा तह ठरला. तो त्या पाळतात. बऱ्यापैकी.

परवा मे महिन्यात मुलींना घेऊन माहेरी गेले होते. त्या बाई आल्या. धाकटी आता सात वर्षांची. त्यांनी तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला, "किती गोड आहे गं," म्हणाल्या. त्यांना काही आठवत नसावं. मी गोंदियाहून नेलेला पाच किलो तांदूळ त्यांना दिला, आणि धाकटीनं त्यांना तो कसा रोवतात ते जमिनीवर वाकून दाखवलं.

तुम्ही येणार असाल तर पाहुणचाराची काळजी नको. पाऊस बघायचा असेल तर जुलैअखेर या, रोवणी दिसेल, पण साडी खराब होईल याची तयारी ठेवा. पाखरं आणि तलाव बघायला डिसेंबर चांगला. धान कापून झालेलं असतं आणि रात्री गावोगावी झाडीपट्टीची नाटकं लागतात, उजाडेपर्यंत चालणारी. घोंगडी बरोबर असू द्या. शिंगाडे आणि तळ्यातली ताजी मासळी मी खाऊ घालीन. शाकाहारी असाल तर लाखोळीच्या डाळीचं वरण नि भात. गाडीत दोन वेळचा डबा घ्या, दशम्या उत्तम टिकतात. लहान मूल असेल तर खालचीच बर्थ घ्या. आणि कोल्हापूरकडून येणार असाल तर माझ्यासाठी एवढं करा, थोडं ज्वारीचं पीठ आणा. इथे मिळतं, पण भाकरी काही केल्या माझ्या मनासारखी फुगत नाही.